मोरीच्या पोटातला साबणाचा दगड!

आज आपण एक भन्नाट गोष्ट करणार आहोत. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली डोकं घालणार आहोत!

हो, हो, सिंकखालीच! जिथे जुनी फडकी, रॉकेलची रिकामी बाटली आणि भांडी घासायच्या साबणाची वडी पडलेली असते ना, तिथेच. घरातल्या मोठ्यांना सांगा, हातात टॉर्च घ्या आणि बसा उकिडवे.

काय दिसतंय? एक पाइप. पण गंमत बघा, तो सरळ नाहीच! खाली जातो, मग एकदम वर वळतो आणि मग पुन्हा खाली. काहींच्या घरी वळणाऐवजी बाटलीसारखं गोल भांडं दिसेल. काहींकडे पाइप थेट फरशीतल्या जाळीत गेलेला असेल. मग ते वळण जाळीच्या खाली लपलंय. प्लंबरकाका त्याला नाहणी ट्रॅप म्हणतात.

आता सांगा पाहू, पाइप मुद्दाम वाकडा का केला असेल? सरळ ठेवला असता तर पाणी सुसाट नसतं का गेलं?

गेलं असतं! पण त्याच पाइपमधून गटाराचा वाससुद्धा सुसाट वर आला असता. आणि तो वास साधासुधा नसतो हं! सडलेल्या अंड्यांसारखा असतो. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तिथे तयार होत असतो.

त्या वळणात मात्र नेहमी थोडंसं पाणी साचून राहतं. तेच त्या वायूची वाट अडवतं. म्हणजे तुमच्या घरात एक झाकण आहे आणि ते चक्क पाण्याचं आहे! वरून येणारं पाणी त्याला ढकलून पुढे जातं, पण खालचा वास काही वर येऊ शकत नाही. आहे की नाही कमाल?

आणि ही कमाल कुणी केली, ओळखा! प्लंबरने? चूक! एका घड्याळजीने! त्याचं नाव अलेक्झांडर कमिंग. जन्म स्कॉटलंडचा, दुकान लंडनला. १७७५ साली त्याने संडासाच्या भांड्याखाली असा नागमोडी पाइप बसवायचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षांपूर्वीची युक्ती, आणि आजही ती मुंबईतल्या आपल्या मुलुंडच्या प्रत्येक इमारतीत काम करतेय!

आता एक कोडं सुटेल बघा. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही महिनाभर गावाला जाता. परत येऊन दार उघडलं की बाथरूममधून घाण वास येतो. घर तर बंद होतं, मग घाण केली कुणी? कुणीच नाही! उन्हाळ्यात त्या वळणातलं पाणी वाळून गेलं. झाकण उडालं! दोन तांबे पाणी ओता. झाकण पुन्हा तयार!

पण या वळणाची एक कटकटही आहे. वळण आलं की पाण्याचा वेग कमी होतो. आणि वेग कमी झाला की पाण्याबरोबर आलेला ऐवज तिथेच बसकण मारतो.

चला, आता पाण्याबरोबर प्रवासाला निघू या!

समजा, तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. तुम्ही ताट विसळलं. पाणी वळणातून पुढे गेलं आणि इमारतीच्या उभ्या पाइपमध्ये पडलं. धडाधड खाली आलं. तळाशी पाइप आडवा झाला. आता घसरण संपली, नुसता हलकासा उतार. पाणी रमत-गमत निघालं. सोसायटीच्या आवारात लोखंडी किंवा सिमेंटची चौकोनी झाकणं पाहिली असतील ना? त्यांच्यावर तुम्ही लंगडीही खेळत असाल. त्यांच्या खाली चेंबर असतात. पाणी एका चेंबरमधून दुसऱ्यात जातं आणि शेवटी रस्त्याखालच्या मोठ्या मलवाहिनीला मिळतं.

ही चेंबरची कल्पनाही फार जुनी आहे बरं! साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोत घराघरांतून विटांच्या झाकलेल्या नाल्या होत्या. मध्ये मध्ये खड्डे होते. गाळ त्या खड्ड्यात बसायचा आणि पाणी पुढे जायचं. खड्डा भरला की उपसायचा. तेव्हाच्या माणसांनाही ठाऊक होतं, पाण्याची वाट पाण्यासाठीच ठेवायची!

आता आपल्या मलवाहिनीकडे परत येऊ. मुंबईच्या सांडपाण्याचे सात विभाग आहेत. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप. आपलं मुलुंडचं पाणी भांडुपच्या वाटेला लागतं. तिथे पाण्यात हवा सोडतात. हवा मिळाली की कोट्यवधी जिवाणू घाणीवर ताव मारतात! मग ते पाणी ठाण्याच्या खाडीत सोडलं जातं.

आणि खाडीत कोण राहतं, ओळखा! थंडीत गुलाबी गालिचा पसरल्यासारखे हजारो रोहित पक्षी उतरतात, तेच! फ्लेमिंगो हो! चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यांची पिसं गुलाबी होतात. या पाहुण्यांसाठीच तर २०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ साली ठाण्याच्या खाडीला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत जागा मिळाली. म्हणजे तुमच्या सिंकपासून निघालेली वाट थेट फ्लेमिंगोंच्या अंगणात जाते!

आता त्या उभ्या पाइपकडे परत या, कारण तिथे एक अजब प्रकार घडतो.

चौथ्या मजल्यावरच्या कुणीतरी उरलेला भात सिंकमध्ये ढकलला. नळ सोडला, भात गायब! त्यांना वाटलं, काम झालं. पण भात गेला कुठे? धडाधड तळाशी आला, आडव्या पाइपच्या तोंडाशी वेग मंदावला आणि बसला तिथेच. मग तिसऱ्या मजल्यावरची चहापत्ती आली. दुसऱ्या मजल्यावरचे कांद्याचे पापुद्रे आले. पाइप बंद!

पण वरच्यांचे नळ तर चालूच. पाणी खाली येतंय आणि पुढे जायला वाट नाही. मग ते कुठून बाहेर पडणार? सगळ्यांत खालचं तोंड शोधून! म्हणजे तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीतून! भात खाल्ला चौथ्या मजल्याने, आणि मोरी तुंबली आजींची! त्या बिचाऱ्यांनी काहीच केलेलं नसतं. मला तर ही गोष्ट फार अन्यायाची वाटते. वरच्यांना याचा पत्ताही नसतो.

तुंबलेल्या पाइपमध्ये प्लंबरकाका लांब तार घालतात, फिरवतात आणि ओढतात. सळ्ळकन बाहेर येतं एक काळपट, बुळबुळीत शेपूट! नाक धरा आणि जरा जवळून बघा. आत केसांचं जाळं आहे. जाळ्यात चहापत्तीचे दाणे अडकलेत. मध्ये मध्ये फुगलेली भाताची शितं आहेत. भांडी घासायच्या काथ्याचे दोन-तीन धागे आहेत. आणि या सगळ्यावर एक पांढरट, मेणचट लेप आहे.

एकेकाची ओळख करून घेऊ या.

केस! आपल्या डोक्यावरून रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. घाबरू नका, सगळ्यांचेच गळतात आणि नवे येतातही! केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. आपली नखंसुद्धा त्याचीच! नख पाण्यात विरघळतं का? नाही ना? मग केसही विरघळत नाही. तो पाइपमध्ये कुठेतरी अडकतो आणि मागून येणाऱ्यांना धरून ठेवतो.

भात! शीत पाण्यात पडलं की पाणी पीत राहतं. फुगतं, फुटतं आणि त्याची खळ होते. पतंग चिकटवायला ताई भाताची शितं चोळते ना, तीच खळ!

कणीक! परात धुतल्यावर पांढरं पाणी जातं. निरुपद्रवी वाटतं, पण गव्हात चिवट प्रथिनं असतात. म्हणून तर पोळी लाटता येते. तोच चिवटपणा पाइपच्या भिंतीला धरून बसतो.

चहापत्ती कितीही उकळली तरी उरतेच. गाळणीत दिसते ना रोज!

आणि तो पांढरट लेप? तोच आपल्या गोष्टीचा खरा खलनायक आहे. जरा सरसावून बसा!

दिवाळीत चकल्या तळून झाल्या. कढईत तेल उरलं. कुणीतरी ते सिंकमध्ये ओतलं. तेल पातळ, पाइप गुळगुळीत. कसली अडचण? गेलं असेल की वाहून!

अंहं! पहिली गोष्ट, काही स्निग्ध पदार्थ गार झाले की घट्ट होतात. डालडा, साजूक तूप, लोणी. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. थंडीच्या सकाळी बाटलीतून पडतच नाही, हो ना? गरम असताना ते पाइपमध्ये मजेत वाहतं आणि पुढे जाऊन गारठतं.

पण शेंगदाण्याचं तेल तर मुंबईत कधीच गोठत नाही. मग ते का अडकतं?

ऐका, ऐका! इथेच सगळ्यांत मोठं आश्चर्य आहे. गटारात तेलाचा साबण होतो!

काय? साबण? हो, चक्क साबण! साबण तेलापासूनच बनवतात, हे तुम्हाला माहीत होतं का? तेलात कॉस्टिक सोडा मिसळला की आपला अंघोळीचा साबण होतो. गटारात कॉस्टिक सोडा नसतो, पण कॅल्शियम असतं. सिमेंट-काँक्रीटच्या पाइपांतून आणि चेंबरच्या भिंतींतून ते पाझरतं. तेल गटारात कुजू लागलं की त्याचे तुकडे होतात. त्यांना म्हणतात मेदाम्लं. ही मेदाम्लं कॅल्शियमला घट्ट मिठी मारतात आणि कॅल्शियमचा साबण तयार होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली गटारातले हे गोळे तपासले, तेव्हा ते बहुतेक असाच साबण निघाले!

मग तर चांगलंच झालं! साबणाने गटार स्वच्छ होईल!

नाही ना! आपला साबण पाण्यात विरघळतो, फेस देतो. कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळतच नाही. तुम्ही तो पाहिलाही असेल. गावाला बोअरवेलच्या पाण्यात साबण लावला की फेस येत नाही आणि बादलीवर पांढरट साय जमते. ती साय म्हणजे कॅल्शियमचा साबण! त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं ना, म्हणून.

गटारात अशी साय थरावर थर चढवत जाते. केस, कापूस, टिशू सगळं त्यात रुतून बसतं. शेवटी तिचा दगड होतो. इतका कडक की फावड्यानेही सहज फुटत नाही!

२०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात रस्त्याखाली असा एक राक्षस सापडला. लांबी किती असेल? २५० मीटर! मुलुंड स्टेशनात बारा डब्यांची लोकल उभी असते ना, जवळपास तेवढा! वजन १३० टन. म्हणजे तीस हत्ती एकावर एक! तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. अशा गोळ्याला तिथे फॅटबर्ग म्हणतात. आणि पुढचं तर ऐका! त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीत मांडला होता. लोक रांगा लावून बघायला आले! उरलेल्या बऱ्याच भागापासून बायोडिझेल केलं.

त्या राक्षसात तेलाबरोबर आणखी काय सापडलं, माहीत आहे? बाळाचं अंग पुसायचे ओले टिशू! कागदासारखे दिसतात, पण बऱ्याच ओल्या टिशूंमध्ये प्लास्टिकचे धागे असतात. ते पाण्यात सुटे होत नाहीत. डायपरचं तर विचारूच नका. त्यात अशी पावडर असते जी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिऊन जेली होते. तो डायपर संडासात टाकला तर पाइपमध्ये काय होईल, विचार करा!

बरं, मोठी माणसं म्हणतात, “अरे, मागून गरम पाणी सोडायचं, तेल जातं वाहून.” जातं खरं, पण कुठपर्यंत? पाणी गार होईपर्यंत! म्हणजे तुमच्या पाइपमधलं तेल शेजारच्या चेंबरमध्ये जाऊन बसतं. भांडी घासायचा साबण तेलाचे बारीक थेंब करून पुढे नेतो, हेही खरं. पण वाटेत साबण विरळ होतो आणि थेंब पुन्हा एकत्र येतात. दोन चमचे तेलाचं ठीक आहे हो, कढईभर तेलाचं नाही.

खरं वाटत नाही? करून बघा! मोठ्यांना सोबत घ्या. एका काचेच्या ग्लासात कोमट पाणी घ्या. त्यात चमचाभर पातळ तूप घाला. तूप वर तरंगेल. आता ग्लास तासभर फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढा आणि चमच्याने टकटक करा. पाण्यावर तुपाची चकती तयार! दुसऱ्या दोन बरण्यांत पाणी भरा. एकीत टॉयलेट पेपर टाका, दुसरीत ओला टिशू. झाकणं लावून खूप हलवा. पहिलीत लगदा होईल. दुसरीत? तुम्हीच बघा!

एक धोक्याची सूचना मात्र नीट ऐका. मोरी मोकळी करायला मिळणारी ॲसिडं आणि पावडरी यांना मुलांनी हात लावायचा नाही. त्यांनी कातडी भाजते. आणि ॲसिडमध्ये ब्लीच मिसळलं तर क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा, खूप जणांना ठाऊक नसतं!

आता मला तुम्हाला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. रस्त्याखालची वाट तुंबली की ती साफ करायला कुणीतरी माणूसच येतो. त्या अंधारात सडक्या अंड्यांच्या वासाचा तोच वायू भरलेला असतो. तिथे तो इतका असू शकतो की माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. आपल्या देशात अशी कित्येक माणसं गटारात गुदमरून मरण पावली आहेत. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी यासाठी एक यंत्रमानव बनवला आहे. त्याचं नाव बँडिकूट, म्हणजे आपली घूस! तो पाय पसरून गटारात उतरतो आणि गाळ वर काढतो. असे यंत्रमानव प्रत्येक गावात यायला हवेत.

मग आपला कचरा टाकायचा कुठे? डब्यात! पण कुठल्याही डब्यात नाही हं.

मुलुंडकरांना तर हे चांगलंच ठाऊक आहे. पूर्व द्रुतगती महामार्गाजवळ आपल्या मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड आहे. १९६८ पासून तिथे कचरा पडत होता. साधारण २४ हेक्टर जागा आणि तिच्यावर सुमारे ७० लाख टन कचरा! ओला, सुका, सगळा एकत्र. त्याचा डोंगरच झाला. आसपासच्या घरांना वर्षानुवर्षं खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. २०१८ साली तिथे कचरा टाकणं थांबवलं आणि तो डोंगर उपसून, चाळून, वेगवेगळा करायचं काम सुरू झालं. घरात दोन मिनिटांत होणारं काम! तेच नंतर करायला वर्षं लागतात आणि कोट्यवधी रुपये लागतात.

म्हणून भात, भाजीचे देठ, चहापत्ती, अंड्याची टरफलं हे सगळं ओल्या कचऱ्याच्या डब्यात. त्याचं खत होतं! जे जिवाणू पाइपमध्ये घाण वास सोडतात, त्यांचेच भाऊबंद कुंडीत हवा मिळाली की त्याच भाताची काळी, भुसभुशीत माती करतात. मातीला पहिल्या पावसासारखा वासही येतो!

केस, ओले टिशू, डायपर आणि पॅड कधीही संडासात नाही. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे, म्हणजे कचरा उचलणाऱ्या काका-मावशींचा हात त्यांना लागत नाही. आणि वेफर्सची पाकिटं, पिशव्या सुक्या कचऱ्यात. त्या गटारात तर नाहीच, रस्त्यावरही नाही! पावसाचं पाणी वेगळ्या नाल्यांतून येऊरच्या डोंगराकडून खाडीकडे पळत असतं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी चढलेलं असतं, नाल्यांना आधीच वाट नसते. त्यात पिशव्यांचा बोळा! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई बुडाली. त्यानंतर सरकारने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली ती उगीच नाही.

तेलाचं काय? तळणीचं तेल गार करून, गाळून फोडणीला वापरता येतं, पण पुन्हा पुन्हा तळायला नाही. उरलंच तर बाटलीत भरून झाकण लावायचं. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची मोहीम आपल्या देशात २०१८ साली सुरू झाली आहे. जिथे असं तेल गोळा करतात तिथे ते द्यायचं. आणि तेलकट कढई, तवा, तुपाची वाटी आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची आणि मग घासायला टाकायची.

हे पुसायचं काम तुम्ही मागून घ्या! आज रात्री जेवण झालं की ताटं गोळा करा, खरकटं ओल्या डब्यात झटका, कढई कागदाने पुसा आणि सिंकच्या तोंडावर एक जाळी बसवायला बाबांना सांगा. जाळी भांड्यांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. बाथरूमसाठीही एक आणा. आणि हो, खाली उतराल तेव्हा तळमजल्यावरच्या आजींना विचारा, “आजी, तुमची मोरी ठीक आहे ना?”